मर्ल ओबेरॉन: मुंबईचा जन्म, हॉलिवूडचा प्रकाश

छायाचित्रण शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: ‘मर्ल ओबेरॉन ही जुन्या हॉलिवूडची नायिका मुळात मुंबईत जन्मली होती असं वाचलं. मग तिने ते आयुष्यभर लपवलं कसं? आणि अभिनेत्री म्हणून ती खरोखर चांगली होती, की नुसती देखणी?’

चरित्रकाराला जमेल तसं उत्तर मला देता येणार नाही. मी गेली तीस वर्षं कॅमेऱ्यामागे उभा राहून माणसांच्या चेहऱ्यांवर दिवे लावतो आहे. पण मर्लच्या बाबतीत हा अनुभव कामाला येतो. तिचं लपवणं जितकं कागदावर झालं, तितकंच प्रकाशात झालं. तिच्या नावाचा एक दिवा आजही आमच्या सामानात असतो.

आधी जन्माचं. हो, ती मुंबईचीच. १९ फेब्रुवारी १९११. कागदावरचं नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, घरातली हाक ‘क्वीनी’. त्याच वर्षी डिसेंबरात राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्यांच्या आठवणीसाठी पुढे तिथे गेटवे उभा राहिला. राणीच्या त्या भेटीवरून पोरीला क्वीनी हे नाव पडलं, असं सांगतात. वडील आर्थर थॉम्पसन हे रेल्वेत काम करणारे इंग्रज अभियंते. पहिल्या महायुद्धात ते गेले. तिला वाढवलं शार्लट सेल्बी या मूळच्या सिलोनच्या, मिश्र वंशाच्या बाईने, आणि जगापुढे शार्लट हीच तिची आई होती. खरी गोष्ट फार उशिरा बाहेर आली. शार्लट ही तिची आजी. जन्म दिला होता शार्लटच्या मुलीने, कॉन्स्टन्सने, आणि त्या वेळी कॉन्स्टन्स स्वतःच कोवळ्या वयाची पोर होती. नातीला लेक म्हणून पदराखाली घ्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं, हे त्या काळात कुठल्याही घरात घडलं असतं. आपल्याकडेही घडत होतं. म्हणून मर्लने पुढे जे केलं त्याला ‘हॉलिवूडचं खोटं’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. खोट्याची सुरुवात ती पाळण्यात असतानाच झाली होती, आणि ती तिने केलेली नव्हती.

१९१७ च्या सुमारास शार्लट तिला घेऊन कलकत्त्याला गेली. ला मार्टिनियर या मुलींच्या नावाजलेल्या शाळेत तिला मदतीवर प्रवेश मिळाला. तिथे तिच्या रंगावरून, घराण्यावरून इतकं बोलणं खावं लागलं की तिने शाळाच सोडली. पुढे टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, संध्याकाळी हौशी इंग्रजी नाटकं, आणि सिनेमाचं वेड.

इथे एक बाजूची गोष्ट सांगतो. साधारण त्याच काळात मुंबईत आणखी एक टेलिफोन ऑपरेटर होती, रूबी मायर्स. १९०७ साली पुण्यात जन्मलेली बगदादी ज्यू मुलगी. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला पडद्यावर आणलं, तिचं नाव ‘सुलोचना’ ठेवलं, आणि ती मूकपटांची सर्वांत मोठी तारका झाली. १९७३ साली तिला दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. घरंदाज हिंदू-मुसलमान बायका तेव्हा कॅमेऱ्यासमोर येत नव्हत्या, म्हणून आपल्या बोलपटाआधीच्या नायिकांत अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींची संख्या मोठी दिसते. तिथे रूबीला सुलोचना व्हावं लागलं, इकडे क्वीनीला मर्ल ओबेरॉन. दोघींनाही पडद्यावर जाण्याआधी आपलं नाव दारात काढून ठेवावं लागलं. फरक एवढाच, की रूबी ज्यू आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यामुळे तिचं काही बिघडलं नाही.

१९२९ च्या आसपास, हॉलिवूडच्या कुणाशी तरी गाठ घालून देईन अशा एका ओळखीच्या माणसाच्या आश्वासनावर, क्वीनी शार्लटला घेऊन युरोपात गेली. फ्रान्समध्ये नीसच्या स्टुडिओत किरकोळ काम, मग लंडन. काफे द पारी या नाइटक्लबात होस्टेसची नोकरी. इंग्रजी चित्रपटांत गर्दीतली, नाव नसलेली कामं. मग ती चित्रपट-निर्माता अलेक्झांडर कोर्डाच्या नजरेत भरली. कोर्डा हंगेरीहून आलेला, स्वतः उपरा, आणि माणसातून तारा घडवण्यात वाकबगार. ‘ओब्रायन’चं ‘ओबेरॉन’ त्याच्याच कंपनीत झालं.

१९३३ च्या ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ’मध्ये ती अ‍ॅन बोलिन झाली. काम अगदी थोडं, चित्रपटाच्या सुरुवातीचं, शिरच्छेदाला निघालेल्या राणीचं. पण चार्ल्स लॉटनला ऑस्कर मिळवून देणाऱ्या त्या चित्रपटात, बाहेर पडताना लोकांच्या डोळ्यांपुढे तिचाही चेहरा राहिला. छायाचित्रण जॉर्ज पेरिनालचं. त्याने तिच्या कपाळावर आणि गालफडांवर प्रकाश असा सोडला आहे की चेहऱ्याचा आकार आधी दिसतो, रंग नंतर.

कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने तिचा जन्म टास्मानियातल्या होबार्टला लावून दिला. या निवडीमागे पक्की अक्कल होती. टास्मानिया ब्रिटिश साम्राज्यात होतं, गोऱ्यांचं मानलं जायचं, आणि लंडन व न्यू यॉर्क दोन्हीकडून इतकं दूर की चौकशीला कुणी जाणार नाही. जन्माची कागदपत्रं आगीत जळाल्याची गोष्टही जोडली गेली. शार्लट लंडनच्या घरात होतीच. पाहुणे आले की ती मोलकरीण म्हणून वावरायची, असं चरित्रकार लिहितात. हे वाक्य वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

कुणी म्हणेल, एवढं कशाला? भारतात जन्मले एवढंच सांगायचं होतं की. पण भारतात जन्म होणं ही अडचण नव्हतीच. व्हिव्हियन ली १९१३ साली दार्जिलिंगला जन्मली आणि ते कधी लपवायची वेळ आली नाही, कारण तिला सगळे गोरी इंग्रज समजत होते. अडचण रक्ताची होती. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियातल्या मोठ्या पट्ट्यातून येणाऱ्यांना दार बंद होतं. १९२३ साली भगतसिंग थिंद या शीख माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. ते दार उघडलं १९४६ मध्ये. कॅलिफोर्नियात वर्णबाह्य विवाहाला बंदी होती, ती १९४८ पर्यंत. पडद्यावरच्या आचारसंहितेत गोऱ्या आणि काळ्या माणसांमधले संबंध दाखवायला मनाई होती, आणि स्टुडिओ ती मनाई भीतीपोटी आणखी ताणत. अ‍ॅना मे वाँग ही चिनी-अमेरिकी अभिनेत्री नावाजलेली असूनही १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मधली चिनी शेतकरणीची भूमिका तिला मिळाली नाही. ती लुइझ रायनरने केली आणि ऑस्कर घेतलं. कोर्डाकडेच म्हैसूरकडचा साबू हा नट होता. तो भारतीय म्हणूनच प्रसिद्ध झाला, पण भूमिका मिळाल्या त्या हत्ती, जंगल आणि जादूच्या. मर्लने खरं सांगितलं असतं तर तिला गोऱ्या नायकाचं चुंबन घेता आलं नसतं. म्हणजे नायिकाच होता आलं नसतं.

आता आमच्या कामाकडे येतो.

कोर्डाने सुरुवातीला तिला ‘परदेशी मोहिनी’ म्हणून वापरलं: कधी जपानी सरदाराची बायको, कधी स्पॅनिश नर्तकी. तिरक्या भुवया, चकचकीत मागे ओढलेले केस. १९३५ मध्ये निर्माता सॅम्युएल गोल्डविनने तिला अमेरिकेत ‘द डार्क एंजल’मध्ये किटी व्हेन ही साधी इंग्रज मुलगी केलं. भुवया उतरल्या, केस मोकळे झाले, मेकअप हलका झाला. कॅमेऱ्यावर ग्रेग टोलंड. हा तोच टोलंड, ज्याने पुढे ‘सिटिझन केन’ केला. किटीच्या भूमिकेसाठी मर्लला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं. मार्च १९३६ च्या सोहळ्यात ते बेटी डेव्हिसला गेलं. आशियाई रक्ताच्या अभिनेत्रीला मुख्य भूमिकेसाठी मिळालेलं हे पहिलं नामांकन, पण तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. मिशेल यो २०२३ साली नामांकित झाली आणि जिंकली, तेव्हा लिहिणाऱ्यांना ‘स्वतःची ओळख आशियाई सांगणारी पहिली’ अशी जपून वाक्यरचना करावी लागली, ती मर्लमुळे.

कृष्णधवल फिल्मवर त्वचेचा रंग नसतो, फक्त करडेपणाची पायरी असते. ती पायरी तीन गोष्टींनी ठरते: फिल्म लाल रंगाला किती प्रतिसाद देते, मेकअपचा थर कुठला, आणि प्रकाश किती व कुठून. १९२० च्या दशकाअखेरीस सगळीकडे आलेली पँक्रोमॅटिक फिल्म लाल रंगही पकडायची. आधीच्या फिल्मवर तांबूस किंवा गव्हाळ कातडी काळवंडायची, ती आता उजळ नोंदवली जाऊ लागली. मर्ल पाच वर्षं आधी आली असती तर कदाचित हे सगळं जमलंच नसतं, असं मला वाटतं. त्यावर समोरून भरपूर, मऊ की लाइट (चेहऱ्यावरचा मुख्य दिवा) टाकला, पार्श्वभूमी एक-दोन पायऱ्या गडद ठेवली, की गव्हाळ चेहरा संगमरवरी दिसतो. डोळा तुलना करतो, मोजमाप करत नाही. टोलंडला हे पुरतं ठाऊक होतं. ‘वदरिंग हाइट्स’ (१९३९) पाहताना कॅथीच्या, म्हणजे मर्लच्या, मागच्या भिंती बघ, किती काळ्या आहेत. त्या कामाला त्याला ऑस्कर मिळालं.

मग चेहऱ्यालाच दुखापत झाली. १९३७ मध्ये कोर्डा रोमन सम्राट क्लॉडियसवर मोठा चित्रपट करत होता, दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्ग, मर्ल त्यात सम्राटाची बायको मेसालिना. मार्चमध्ये लंडनला तिच्या मोटारीला अपघात झाला, तोंडाला जखमा झाल्या, आणि आधीच रखडलेला तो चित्रपट कायमचा बंद पडला. त्याच वर्षी शार्लट वारली. १९४० च्या सुमाराला सौंदर्यप्रसाधनांची आणि औषधाची भयंकर प्रतिक्रिया येऊन त्वचा बिघडली, आणि कातडी खरवडून काढण्याचे वेदनादायक उपचार तिने न्यू यॉर्कला घेतले. पुढच्या प्रत्येक चित्रपटात तिच्यासाठी प्रकाश लावणाऱ्याला हे व्रण आणि खड्डे सांभाळायचे होते.

१९४४ च्या ‘द लॉजर’ला लूसियन बॅलर्ड कॅमेऱ्यावर होता. त्याने एक छोटा दिवा थेट कॅमेऱ्यावर, लेन्सला शक्य तितका चिकटून बसवला. व्रण आपल्याला दिसतो तो त्याच्या सावलीमुळे. बाजूने प्रकाश आला की प्रत्येक खड्ड्याची एक कड उजळते, दुसरी अंधारात जाते. दिवा लेन्सच्याच रेषेत आला की सावली खड्ड्याच्या बरोब्बर मागे पडते, आणि कॅमेरा जिथून बघतो तिथून ती दिसतच नाही. त्या दिव्याला ‘ऑबी’ नाव पडलं, ओबेरॉनवरून. पुढच्याच वर्षी मर्ल आणि बॅलर्डने लग्न केलं. कोर्डाशी १९३९ मध्ये झालेलं लग्न तोवर मोडलं होतं. (कोर्डाला सर किताब मिळाल्यामुळे ती मधली काही वर्षं लेडी कोर्डा होती.)

ऑबी लावताना दोन गोष्टींत नवशिक्यांची हमखास चूक होते, म्हणून सांगतो. एक, कॅमेरा ट्रॉलीवर पुढे सरकला की दिवाही पुढे जातो, आणि अंतर निम्मं झालं की प्रकाश चौपट होतो. हात डिमरवर, म्हणजे दिव्याचा जोर कमी-जास्त करणाऱ्या बटणावर, ठेवावाच लागतो. दुसरी, त्याचा जोर वाढवला की चेहरा पासपोर्टसाठी काढलेल्या फोटोसारखा सपाट होतो. की लाइटने नाक, गाल, हनुवटीची घडण करायची आणि ऑबीने फक्त सावल्यांच्या तळाशी हलकेच पाणी सोडायचं. बॅलर्डचं काम बघितलं की कळतं, दिवा आहे हे कळू न देण्यात त्याची सगळी कसोटी होती.

मी सहाय्यक होतो तेव्हा माझ्या गुरूंनी पहिल्यांदा ‘ऑबी लाव’ म्हटलं. मला ते एखाद्या कंपनीचं नाव वाटलं होतं. एका निर्मात्याने त्या वेळी मॉनिटरकडे बोट दाखवून म्हटलं होतं, ‘हिला अजून जरा गोरी करा.’ मुलगी तिथेच उभी होती, मेकअपदादा स्पंज घेऊन पुढे झाला, आणि मी डिमर वर केला. त्या मुलीने मान खाली घातली नाही, हनुवटी वर केली आणि डोळे मिटून घेतले. पुढे मर्लच्या जन्माची गोष्ट वाचली तेव्हा मला हॉलिवूड आठवलं नाही, ती मिटलेली नजर आठवली. आता माझ्या सेटवर ‘गोरी करा’ हे वाक्य मी चालू देत नाही. जिचा जो रंग आहे त्याला तजेला द्यायचा असतो, त्यासाठी दिव्याची ताकद वाढवावी लागत नाही, जागा बदलावी लागते.

आता अभिनय. माझं मत स्पष्ट आहे: मर्ल मोठी अभिनेत्री नव्हती, पण जितकी मानली जाते त्याहून खूप चांगली होती. मोठ्याने रडण्या-भांडण्याच्या प्रसंगांत तिचा आवाज वर जातो आणि आतलं काही हलत नाही. ऐकून घेण्याच्या, आवरून धरण्याच्या प्रसंगांत मात्र ती अचूक आहे. ‘द डार्क एंजल’च्या शेवटी आंधळा झालेला नायक तिला ते कळू नये म्हणून खोलीतल्या वस्तूंच्या जागा पाठ करून दिसत असल्याचं नाटक करतो. तिला उमगतं त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जवळजवळ काहीच घडत नाही, आणि तेच बरोबर आहे. ‘दीज थ्री’ (१९३६, दिग्दर्शक विल्यम वायलर) मध्ये एका मुलीच्या कुजबुजीने दोन शिक्षिकांची शाळा आणि आयुष्य उद्ध्वस्त होतं. मर्ल त्यातली कॅरन. आपल्याबद्दल कुणीतरी काहीतरी बोलतंय हे पाठीवर जाणवणारी बाई तिने जशी उभी केली आहे, तशी शिकवून येत नाही.

‘वदरिंग हाइट्स’मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिये या गोऱ्या इंग्रज नटाला सावळा, जिप्सी म्हणून हिणवला जाणारा हीथक्लिफ केलेला आहे, आणि शेजारी गोरी कॅथी म्हणून मर्ल. दोघांचं सेटवर अजिबात पटत नव्हतं. त्याला कॅथी म्हणून व्हिव्हियन ली हवी होती. चित्रपटात लहानपणची कॅथी हीथक्लिफला धीर देताना सांगते, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. हे वाक्य बोलणारी कॅथी पुढे मोठी होते, आणि ती मोठी कॅथी म्हणजे मुंबईची क्वीनी.  त्या चित्रपटाला आठ नामांकनं मिळाली, तिला नाही.

नंतरची वर्षं भराभर उतरणीची. ‘बर्लिन एक्स्प्रेस’ (१९४८) चांगला, ‘देझिरे’ (१९५४) मध्ये ब्रँडोच्या नेपोलियनसमोर तिची जोसेफिन लक्षात राहते. १९५७ मध्ये तिने मेक्सिकोतले उद्योगपती ब्रुनो पाल्याई यांच्याशी लग्न केलं, दोन मुलं दत्तक घेतली, तिथेच थाटात राहिली. १९७३ मध्ये स्वतः निर्माती होऊन ‘इंटरव्हल’ केला आणि त्यातल्या तरुण सहकलाकाराशी, रॉबर्ट वोल्डर्सशी, पुढे लग्न केलं. १९७८ साली होबार्टला तिचा नागरी सत्कार ठरला, त्या ‘जन्मगावी’. तिथून ती तब्येतीचं कारण सांगून निघून गेली, असं सांगतात. पुढच्या वर्षी २३ नोव्हेंबरला मालिबूला पक्षाघाताने ती गेली. १९८३ मध्ये आलेल्या चरित्राने भारताचं सत्य बाहेर काढलं, आणि २००२ च्या एका ऑस्ट्रेलियन माहितीपटात कॉन्स्टन्सच्या मुलाने मुंबईच्या दप्तरातून मिळवलेला जन्मदाखला दाखवला. त्यावर आईचं नाव कॉन्स्टन्स.

शार्लटचं एक चित्र मर्लच्या घरात असायचं. १९४९ मध्ये जुन्या फोटोवरून ते तिने काढून घेतलं होतं, आणि चित्रकाराला त्वचा उजळ रंगवायला सांगितली होती. हे ढोंग आहे असं लोक लिहितात. मला त्यात दुसरंही दिसतं. जी बाई हयातीत बैठकीच्या खोलीत बसू शकली नाही, तिला शेवटी तिथल्या भिंतीवर जागा मिळाली. ज्या एकाच भाषेत मर्लला चेहरा जगासमोर आणता येत होता, त्याच भाषेत तिने तिला आणलं.

तुला अभ्यासच करायचा असेल तर क्रम असा ठेव. ‘दीज थ्री’ आधी, पूर्ण आवाजासकट. मग ‘वदरिंग हाइट्स’, आणि त्यातले कॅथीचे क्लोज-अप आवाज बंद करून, नाकाची सावली कुठे पडते ते कागदावर मांडत. मग ‘द लॉजर’, तिथे तीच सावली शोध आणि किती फिकी झाली आहे ते बघ. शेवटी १९४५ चा रंगीत ‘अ साँग टु रिमेंबर’, ज्यात ती पियानोवादक-संगीतकार शोपँची प्रेयसी, लेखिका जॉर्ज सँड आहे. एका मैफलीत खोली अंधारी केलेली असते. नावाजलेला पियानोवादक लिस्ट वाजवतो आहे असं सगळ्यांना वाटत असतं. मर्ल हातात जळत्या मेणबत्त्यांचं झाड घेऊन आत येते, आणि त्या उजेडात पियानोवर शोपँ दिसतो. टेक्निकलरला इतका प्रकाश लागायचा की त्या मेणबत्त्यांनी काहीच उजळलं नसतं. तिच्या पावलांबरोबर वरचे दिवे एकेक करून चढवलेले आहेत. ते कुठून चढतात ते मोज.